घोड्याचा पाय जरा उचल

आमच्या पुलिक्कडवू गावात शोशाम्मासारखी प्रार्थना करणारी बाई पुन्हा झाली नाही, असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. पण ती प्रार्थना करायला शिकली कशासाठी, हे कुणी सांगत नाही. माणूस एकदा चांगलं ठरलं की त्याचं वाईट लोक पुसून टाकतात. मी कालव्याच्या या काठाला राहत होते, ती त्या काठाला. मी काही पुसलेलं नाही.

शोशाम्मा प्रार्थना शिकली ती एलीचं वाटोळं व्हावं म्हणून.

त्याआधी तिची प्रार्थना तुमच्या-माझ्यासारखीच होती. चुलीवर माशाचं कालवण, हातात पळी, तोंडानं ‘हे आमच्या स्वर्गातल्या बापा’, आणि मधेच, “अगं पेण्णम्मा, कोंबड्या झाकल्यास का?” आमेन म्हणायच्या आत मीठ चाखून झालेलं असायचं. नवरा लवकर गेला, पदरात पेण्णम्मा एकटी. बाईचा आवाज मात्र असा खणखणीत, की चर्चमध्ये बायकांच्या बाजूनं ती प्रार्थनेचं उत्तर द्यायला लागली की पुरुषांच्या बाजूचे पेंगणारे जागे व्हायचे.

एली तिची घराला लागून शेजारीण. दोघींच्या मधे जास्वंदीचं कुंपण, आणि त्याला एलीच्या बदकांनी पाडलेलं भोक. बदकं झोपायची एलीकडे आणि अंडी घालायची शोशाम्माकडे. एली अंडी मागायला आली की शोशाम्मा म्हणायची, “बदक तुझं, अंगण माझं. अंडं कुणाचं ते बदकाला विचार.”

एली हसायची नाही. एलीला हसायला येतच नव्हतं. ती साठवायची.

आमच्याकडे मुलगी बघायला यायच्या आधी मुलाकडची माणसं गुपचूप येऊन चौकशी करून जातात. होडीच्या धक्क्यावर उतरायचं, चहा मागायचा, आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, ‘अमक्याची मुलगी कशी हो?’ आमच्याकडची लग्नं लागतात चर्चमध्ये, पण मोडतात धक्क्यावर.

पेण्णम्मासाठी पलीकडच्या तीरावरचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलाचा मामा धक्क्यावर उतरला, तेव्हा तिथं एली उभी होती, टोपलीत बदकं घेऊन. त्यानं विचारलं. एली म्हणाली, “मुलगी लाख आहे हो. महिन्यातनं एकदा तोंडाला फेस येतो, तेवढं सोडलं तर.”

पेण्णम्माला जन्मात कधी फेस आला नव्हता. मामा चहा अर्धा टाकून त्याच होडीनं परत गेला. होडीवाला कुंजवर्की सगळं ऐकत होता. त्यानं घरी बायकोला सांगितलं, बायकोनं मला सांगितलं, आणि मी शोशाम्माला. सांगायचं नाही तर काय करायचं?

ती गोष्ट तीरातीरानं फिरली. पुढं कुठलंच स्थळ आलं नाही. पेण्णम्मा रडली नाही. तिनं पत्र्याची ट्रंक भरली आणि नर्सचं काम शिकायला उत्तरेत कुठंतरी निघून गेली. होडी वळणाआड गेल्यावर शोशाम्मा मला म्हणाली, “सारा, ह्या एलीचा सत्यानाश पाहिल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही. मला पुरायची घाई करू नका.”

मी म्हटलं, “चेडत्ती, असं बोलू नये.” ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला थोरल्या बहिणीसारखं चेडत्ती म्हणायची.

“बोलत नाही,” ती म्हणाली. “करते.”

पहिलं तिनं काय केलं, तर चर्चमधली शांती अडवली.

रविवारी उपासनेच्या मध्यावर अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, वेदीवरून शांती देतात. ती हातांहातांनी खाली येते. पुढच्या बाईनं जोडलेल्या हातांत आपले हात घालायचे, शांती घ्यायची, चेहऱ्याला लावायची, आणि मागे वळून मागचीला द्यायची. मधे कुणी अडवली तर तिथून मागं सगळ्या कोरड्या.

शोशाम्मा दारातच थांबायची. एली आत शिरली की ही पुढं घुसून बरोबर तिच्या समोर उभी. शांती यायची, शोशाम्मा घ्यायची, कपाळाला, डोळ्यांना, ओठांना, अगदी सावकाश लावायची, आणि हात पदराखाली घ्यायची. एली हात पुढं करून उभी. मागं आम्ही सगळ्या हात पुढं करून उभ्या. जणू रेशनच्या दुकानात साखर संपली.

एलीनं जागा बदलली, हिनं बदलली. एली खांबाआड गेली, ही खांबाआड. शेवटी आम्ही बाकीच्या एलीला बघून दुसरीकडे रांग धरायला लागलो. कोण रविवारी शांतीशिवाय घरी जाणार? एलीच्या मागं फक्त म्हातारी अन्ना उरली, कारण तिला दिसत नव्हतं.

पण तेवढ्यानं कुणाचं वाटोळं होत नाही. म्हणून शोशाम्मानं कोंबड्याचा नवस बोलला. आमच्या चर्चचे संत म्हणजे पुण्यवान गीवर्गीस. भिंतीवर त्यांचं मोठं चित्र आहे. पांढरा घोडा, हातात भाला, भाल्याचं टोक सापाच्या जबड्यात, आणि घोड्याचा खूर सापाच्या पाठीवर. अडीनडीला लोक त्यांना कोंबडा बोलतात. शोशाम्मानं आपला सगळ्यांत देखणा तांबडा कोंबडा नेला आणि सांगितलं, “एलीला बघून घे.”

अर्पण केलेली कोंबडी-केळी उपासनेनंतर अंगणात लिलावात निघतात. तांबडा कोंबडा निघाला आणि बोली चढत चढत एलीच्या नवऱ्यानं तो घेतला. दुपारी कुंपणापलीकडून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मिरीचा असा वास आला, की शोशाम्मानं दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्याच महिन्यात एलीच्या मुलाला नोकरी लागली, मुलाचं लग्न झालं, आणि डोंगराकडच्या गावची मारियाकुट्टी नावाची हसरी सून घरात आली.

“बघ सारा,” शोशाम्मा म्हणाली. “मी हिच्या विरुद्ध जेवढं मागते तेवढी ही फुगते. देवाची चूक नाही. मलाच नीट मागता येत नाही.”

आणि ती कोशी अच्चनांकडे गेली. मला बरोबर घेऊन गेली, धीर म्हणून.

अच्चन ओसरीवर पान जुळवत बसले होते. शोशाम्मा म्हणाली, “अच्चो, मला प्रार्थना शिकवा.”

“पन्नाशी आली की तुझी! आजवर काय करत होतीस?”

“कालवण.”

अच्चन हसले. “कुणासाठी करायचीय?”

“शेजारणीसाठी.”

“वा! शेजाऱ्यासाठी प्रार्थना ही सगळ्यांत...”

“तिचं काय व्हावं ते नंतर सांगते.”

अच्चनांना सगळं माहीत होतं. शांती कुठं अडते ते वेदीवरून पाठमोरं उभं राहूनसुद्धा कळतं. मला वाटलं आता हिला झाडणार. पण त्यांनी पानाचा विडा तोंडात घातला, थोडा वेळ चावला आणि म्हणाले, “बरं. पहाटे उठायचं. पूर्वेला तोंड करून उभं राहायचं. चुलीकडे नव्हे. गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं, मग बोलायचं. आणि खरं तेवढंच बोलायचं. कोर्टात साक्ष देतेस असं समज. ऐकीव चालणार नाही, वाढवून चालणार नाही.”

“आणि?”

“बोलून झालं की लगेच पळायचं नाही. समोरच्याला बोलायला जागा ठेवायची.”

“तो बोलतो?”

“आजवर कुणाला बोलायची संधी दिलीयस का तू?”

दुसऱ्या दिवसापासून पहाटे कालव्यावरून तिचा आवाज यायला लागला. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, मला कान द्यावा लागत नव्हता. “देवा, एली आळशी आहे.” मग गप्प. मग, “नाही, माझ्याआधी उठते. ते राहू दे. देवा, एली चोर आहे.” पुन्हा गप्प. “चोरीचं काही पाहिलं नाही मी. तेही राहू दे.” असं रोज काहीतरी गळत गेलं, नारळाच्या वाळक्या झावळ्या गळाव्यात तसं. मला वाटलं, रागही गळेल. पण झावळ्या गळाल्यावर खोड दिसतं.

पावसाळा सरताना ती अच्चनांना म्हणाली, “फार थोडं उरलंय. एली खोटं बोलली. माझ्या मुलीचं लग्न मोडलं. तिला भोगायला लाव. बस.”

“पहिली दोन खरी आहेत,” अच्चन म्हणाले. “तिसरं मागणं. मागणं तुझं, देणं त्याचं. पण जपून माग, शोशाम्मा. तू आता बरी प्रार्थना करायला लागलीयस. कधीकधी ऐकलं जातं. मला त्याचीच भीती वाटते.”

“मला त्याचीच आशा वाटते,” ती म्हणाली.

गीवर्गीसांच्या सणाला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिच्या मागंच होते. ती चित्रासमोर उभी राहिली, कपाळ टेकलं, उठली आणि अगदी शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली. “तुझा भाला असू दे. घोड्याचा पाय तेवढा जरा उचल. त्या सापाला वाट दे. आमच्याकडे आला की जास्वंदीच्या कुंपणापलीकडचं अंगण. माझं नव्हे, पलीकडचं. चुकू नकोस.”

शोशाम्मा बोलून झाल्यावर पळाली नाही. डोळे मिटून, जागा ठेवून, उभी राहिली.

आणि कापणीच्या दिवसांत, भरदुपारी, एलीच्या अंगणात घोणस चावली.

मी शोशाम्माच्या ओसरीवर मासळी साफ करत बसले होते. आधी किंकाळी आली, मग धावपळ, मग कुणीतरी होडीला हाका मारत गेलं. आणि कुंपणाच्या भोकातून, बदकं येतात तिथून, एली वाकून आत आली. केस सुटलेले, अंगावरचं पांढरं उपरणं कुंपणातच अडकून राहिलेलं.

“परत बोलाव तिला!” ती ओरडली. “तू सोडलीस, तूच परत बोलाव!”

कुणीतरी सणातलं ते मागणं ऐकून तिला सांगितलं होतं. मी नव्हते.

शोशाम्माच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. मी बघितलं म्हणून सांगते. वर्षानुवर्षं धुमसणारी चूल धडधडून लागावी तसं.

“चावली?” ती म्हणाली. “मग तू उभी कशी?”

“मला नाही! सुनेला! झावळ्यांचा ढीग उचलायला गेली. निळा पडला गं पाय तिचा! नेलंय इस्पितळात.”

ते हसू असं गेलं, जणू कुणी फुंकर मारून विझवलं. “मारियाकुट्टीला?”

त्या घरात तेवढीच एक शोशाम्माशी बोलायची. सासूचा डोळा चुकवून भोकातून हात घालायची आणि ‘चेडत्ती, कप्पा उकडलाय, गरम आहे’ म्हणून केळीच्या पानात कंदाचे चार तुकडे द्यायची.

शोशाम्मानं पदर खोचला आणि तरातरा चर्चकडे निघाली. एली रडत तिच्या मागं, मी हातांना मासळीचा वास घेऊन दोघींच्या मागं. आत कुणी नव्हतं. शोशाम्मा चित्रासमोर जाऊन उभी राहिली आणि कपाळ टेकायच्याही आधी कडाडली, “म्हाताऱ्या, डोळे फुटले का तुझे? कुंपण सांगितलं, अंगण सांगितलं, आणखी काय सांगायचं होतं? ही बघ, ही एली! हिला बघून ठेव!”

एलीनं खरंच मान खाली घातली, जणू तिला ओळख परेडीत उभं केलंय.

“चेडत्ती, भांडू नका,” मी म्हटलं. “पोरगी जातीय तिकडे. प्रार्थना करा.”

शोशाम्मा दमली. खाली बसली. मग एलीला म्हणाली, “इथं खरं तेवढंच बोलायचं असतं. मला तसं शिकवलंय. मी एकटी खरं बोलून भागणार नाही. आधी तू बोल.”

“मी काय बोलू?”

“तुला माहीत आहे.”

एलीनं डोळे पुसले. मग भिंतीकडे बघून म्हणाली, “पेण्णम्माला कधी फेस आला नव्हता.”

“मला सांगू नकोस. मला माहीत आहे. वर सांग. मोठ्यानं.”

“मी खोटं बोलले!” एली ओरडली. “पेण्णम्माला काही नव्हतं! मला अंड्यांचा राग होता!”

अंड्यांचा. चर्चच्या छताखाली तो शब्द इतका लहान वाटला, की मलाच लाज वाटली. मला वाटलं शोशाम्मा आता तिच्या अंगावर धावेल. ती गुडघ्यांवर आली, कपाळ जमिनीला टेकलं आणि तसंच ठेवून बोलली. “देवा, ही खोटं बोलली. मी विष मागितलं. दोन्ही खरं आहे. आम्हा दोघींना काय द्यायचं ते दे, आम्ही घेऊ. पोरीनं काही केलेलं नाही. तिला सोड. हिच्यासाठी मागत नाही मी, देवा. हिच्यावरचा माझा राग अजून तसाच आहे, खोटं कशाला सांगू. पोरीसाठी मागते.”

मग ती गप्प झाली. आम्ही तिघी बसून राहिलो. एलीचा हुंदका मधे यायचा आणि शोशाम्मा तिच्याकडे न बघता म्हणायची, “गप्प. बोलू दे त्याला.”

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर कुंजवर्कीची होडी आली. मारियाकुट्टी जगली होती. पाय पुढं कायमचा थोडा फरफटत राहिला, पण जगली. गाव म्हणालं, शोशाम्माच्या प्रार्थनेनं वाचली. शोशाम्मा म्हणायची, “मूर्खांनो, डॉक्टरची सुई लागली म्हणून वाचली.” आणि जरा थांबून, “पण सुई वेळेवर लागली, ते खरं.”

आता तुम्हाला वाटेल दोघी गळ्यात पडल्या. छे. पोरगी घरी आली त्याच दिवशी शोशाम्मा कुंपणाच्या भोकापाशी जाऊन उभी राहिली. “एली, पोरीचं झालं. आता तुझं-माझं.”

“मी चर्चमध्ये बोलले की सगळं.”

“चर्चमध्ये देवाला सांगितलंस. त्याला आधीच माहीत होतं. धक्क्यावर सांग.”

“शोशाम्मा, माझी अब्रू...”

“माझ्या मुलीची जिथं सांडलीस तिथूनच भरून आण.”

बाजाराच्या दिवशी, होड्या लागल्या असताना, एली धक्क्यावर उभी राहिली. शोशाम्मा चर्चच्या सणाला घालते ते कपडे घालून आली होती. मागं पंख्यासारख्या चुण्या पाडलेलं, आमच्या जुन्या बायका नेसतात तसलं शुभ्र धोतर, कानांच्या वरच्या कडेला सोन्याच्या कुड्या. मी म्हटलं, “चेडत्ती, एवढं नटून?” ती म्हणाली, “रोज रोज येतो का असा दिवस?”

एलीनं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही. शोशाम्मा म्हणाली, “पलीकडच्या तीराला ऐकू जाऊ दे, खोटं तिथपर्यंत गेलं होतं.” एलीनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, आणि कुंजवर्कीनं वल्हं थांबवून टोपी काढली. शोशाम्मा जेवून तृप्त झालेल्या माणसासारखी उभी होती. सूड कडू लागतो म्हणतात. त्या दिवशी तरी तिला लागला नाही.

कडू लागला तो पुढच्या आठवड्यात, कारण कोशी अच्चनांनी तिला एवढंच विचारलं, “एली सगळ्यांसमोर बोलली. तू काय मागितलं होतंस ते त्या पोरीला कुणी सांगितलं का?”

शोशाम्मा दोन दिवस जेवली नाही. मग मारियाकुट्टीच्या खाटेपाशी गेली. मी दारात होते.

“पोरी, ती घोणस मी मागितली होती,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी नाही. तुझ्या सासूसाठी. पत्ता चुकला.”

मारियाकुट्टीनं तिच्याकडे बघितलं. पाय उशीवर, मडक्यासारखा सुजलेला. मग हळूच म्हणाली, “चेडत्ती, पुढच्या वेळी आधी मला विचारा. सासू कुठं झोपते ते मी नीट दाखवीन.”

आतून एली ओरडली, “मला ऐकू येतं!”

शोशाम्मा हसता हसता रडली, का रडता रडता हसली, मला सांगता येणार नाही. त्या रविवारी तिनं एलीला शांती दिली. दार आपटावं तशी दिली, पण दिली. अन्ना म्हातारीला इतक्या दिवसांनी हात लागले, तर ती घाबरून ओरडली, “कोण आहे?”

पेण्णम्मानं पुढं तिकडेच, आपल्या पसंतीनं, एका कंपाउंडरशी लग्न केलं. त्या लग्नाची चौकशी करायला कुणी आमच्या धक्क्यावर आलं नाही. शोशाम्माकडे मात्र लोक यायला लागले. कुणाचं मूल तापानं फणफणलंय, कुणाचा नवरा परदेशातून कळवत नाही. ती आधी विचारायची, “खरं सगळं सांगितलंस ना? नाहीतर मी उगाच उभी राहायची नाही.” आणि मग धरायची ती सोडायची नाही. देवसुद्धा तिला कंटाळून देत असेल, असं अच्चन म्हणायचे.

आणि रोज पहाटे, सगळ्यांत शेवटी, एलीचं नाव यायचं. गाव म्हणायचं, बघा, शत्रूसाठीसुद्धा मागते. काय मागते ते मला ऐकू यायचं.

“देवा, एलीला दे,” ती म्हणायची. “पण मला बघवेल एवढंच दे.”

मग एलीच्या मुलानं जुनं शाकारणीचं छप्पर काढून घराला नवी लाल कौलं घातली. मी दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम काठाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यांची नावं झाली. मग बराच वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, झोप लागली की काय.

“हे जरा जास्त झालं, देवा,” ती म्हणाली. आणि पुन्हा थोडं थांबून, “पण असू दे. सोसते.”